कोंबडीच्या खाद्याचा हिशोब आणि बाळंतिणीचे ताट

“डाक्टर, पोरगं हसायचं बंद झालंय बघा.”

१९९७ सालच्या पावसाळ्यात एका आजींनी माझ्या दवाखान्यात येऊन हे सांगितले. दवाखाना टाकून मला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. आजींच्या मांडीवर नऊ महिन्यांचा नातू होता. अंगाने वाळलेला नव्हता, उलट गुबगुबीत म्हणावा असाच होता. पण चेहरा फिकट, केस विरळ आणि तांबूस, बोटांच्या पेरांवर काळपट झाक. मी टिचकी वाजवली, खुळखुळा हलवला. त्याने बघितल्यासारखे केले आणि नजर काढून घेतली. “सहाव्या म्हयन्यात बसाय लागलं हुतं. आता मान बी नीट धरंना,” आजी म्हणाल्या.

मी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. रक्त कमी होते. लोह आणि फॉलिक ॲसिडचे थेंब लिहून दिले, एक टॉनिक दिले आणि “वरचे खाणे वाढवा” असे सांगून पाठवून दिले. बाळाची आई दाराशी उभी होती. तिला मी एकही प्रश्न विचारला नाही.

सहा आठवड्यांनी ती मंडळी परत आली. बाळाच्या चेहऱ्यावर थोडी लाली आली होती. पण त्याचे हात थरथरत होते, डोके थरथरत होते, तोंड उघडले की जीभही थरथरत होती. रडण्याचा आवाज शेळीच्या करडासारखा कापरा येत होता. झोप लागली की सगळी थरथर थांबायची. आता मात्र मी घाबरलो आणि त्यांना त्याच दिवशी मिरजेच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी बाळाकडे पाच मिनिटे पाहिले आणि पहिला प्रश्न आईला विचारला, “बाई, तुम्ही काय जेवता?”

सासर माळकरी. मांस-मासे, अंडी घरात वर्ज्य. जेवण म्हणजे भाकरी, आमटी, पालेभाजी, ठेचा. दारात दोन म्हशी होत्या, पण दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जायचे. घरात उरायचे ते चहापुरते. बाई रोज दोन वेळा चहा घेत, त्यातले चमचाभर दूध एवढाच त्यांचा दुधाशी संबंध. बाळ पूर्णपणे आईच्या दुधावर होते. तज्ज्ञांच्या चिठ्ठीत दोन ओळी होत्या : बाळाला जीवनसत्त्व बी-१२ ची तीव्र कमतरता आहे, आईलाही तीच आहे, तिलाही उपचार द्यावेत.

या आजाराला वैद्यकीय पुस्तकांत तान्ह्या मुलांचा कंपविकार म्हणतात. तो कसा होतो आणि कसा टाळता येतो हे आज पाहायचे आहे. त्यासाठी आधी थोडे कोंबड्यांच्या खुराड्यात जावे लागेल. वाचकांना हे विचित्र वाटेल. परंतु मुलांच्या मज्जासंस्थेच्या काही महत्त्वाच्या आजारांचे कोडे डॉक्टरांच्याही आधी कोंबड्यांनी सोडवून दिले आहे.

जावा बेटावरच्या कोंबड्या

१८९० च्या सुमारास ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर जावा बेटावर बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी या आजाराचा अभ्यास करीत होता. बेरीबेरीत पायांतली शक्ती जाते, नसा निकामी होतात, हृदय थकते. तो जंतूंमुळे होतो अशी तेव्हा समजूत होती. आइकमानच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या. त्यांना पायांवर उभे राहता येईना. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, सडीक तांदळाचा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला. मग कोंबड्यांना पूर्वीसारखा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या.

तांदळाच्या कोंड्यात काहीतरी आहे आणि ते नसले तर नसा निकामी होतात, हा धडा तिथून मिळाला. ते ‘काहीतरी’ म्हणजे जीवनसत्त्व बी-१. आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. फिलिपिन्समध्ये त्या काळी अंगावर पिणारी दोन-तीन महिन्यांची बाळे आवाज बसून, धाप लागून अचानक दगावत. त्यांच्या आया सडीक तांदळावर जगत होत्या; स्वतः चालत-फिरत, काम करीत होत्या. तांदळाच्या कोंड्याचा अर्क त्या बाळांना पाजला तेव्हा मरणाच्या दारातली बाळे वाचली. आई वरवर बरी आणि बाळ गंभीर आजारी, हा प्रकार इथे स्पष्ट दिसला. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

शेणातला अनोळखी घटक

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कोंबड्यांच्या खाद्यासाठी मासळीची भुकटी आणि मांसाचा चुरा मिळेनासा झाला. शेतकऱ्यांनी त्याऐवजी सोयाबीनची पेंड घातली. प्रथिने हिशोबाप्रमाणे पुरेशी होती. कोंबड्या अंडीही घालत होत्या. परंतु अंडी उबवायला ठेवली की पिल्ले अंड्यातच मरत, आणि जी बाहेर येत ती खुरटत. निव्वळ वनस्पतिज खाद्यात काहीतरी कमी पडत होते. शास्त्रज्ञांनी त्याला ‘प्राणिज प्रथिन घटक’ असे तात्पुरते नाव दिले.

मेरीलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथे सरकारी संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांना आढळले, की खाद्यात वाळवलेले गाईचे शेण थोडेसे मिसळले तरी ही उणीव भरून निघते. ज्या कोंबड्या शेडमधल्या जुन्या तुसाच्या गादीवर उकरत फिरत, त्यांचीही पिल्ले चांगली निघत. म्हणजे हा घटक शेणात होता, जुन्या गादीत होता, मासळीत होता, यकृतात होता. सोयाबीन आणि मक्यात मात्र नव्हता.

त्याच काळात माणसांचे डॉक्टर वेगळ्याच वाटेने तिथेच येऊन पोहोचले होते. एका प्रकारच्या प्राणघातक पंडुरोगात रुग्णाला रोज पाव किलोपर्यंत यकृत खायला घातले तर तो वाचतो, हे मायनट आणि मर्फी यांनी १९२६ साली दाखवले होते. यकृतातला नेमका पदार्थ मात्र वीस वर्षे सापडत नव्हता. मेरी शॉर्ब या संशोधिकेच्या ध्यानात आले, की एक विशिष्ट जिवाणू यकृताच्या अर्काशिवाय वाढतच नाही. तेव्हा अर्कातल्या औषधाचे मोजमाप रुग्णाऐवजी या जिवाणूवर करता येईल. तिला प्रयोगासाठी जागा मिळाली ती मेरीलँड विद्यापीठाच्या कुक्कुटशास्त्र विभागात! तिच्या या युक्तीचा उपयोग करून १९४८ साली अमेरिकेतल्या एका औषध कंपनीने लालभडक स्फटिक वेगळे केले. त्याच सुमारास इंग्लंडमध्येही ते मिळाले. हेच जीवनसत्त्व बी-१२. ते कोंबडीच्या पिल्लांना दिले आणि पिल्ले झपाट्याने वाढू लागली. पिल्लांना कमी पडणारा घटक आणि पंडुरोग्याला वाचवणारे औषध एकच निघाले.

बी-१२ तयार करण्याची कला निसर्गाने फक्त जिवाणूंना दिली आहे. वनस्पती ते बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. गाय-म्हैस चारा खाते, तिच्या पोटातले जिवाणू बी-१२ बनवतात आणि ते तिच्या दुधात उतरते. शेणात ते सापडले ते याच कारणाने. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असे जिवाणू असतात. पण बी-१२ शोषून घेण्याची जागा त्याआधी, लहान आतड्यात असते. त्यामुळे तो साठा आपल्या उपयोगी पडत नाही.

कोंबडी धडधाकट, पिल्लू अशक्त

त्या बाळाचा मामा आमच्या भागातल्या एका ब्रीडर फार्मवर सुपरवायझर होता. ब्रीडर म्हणजे ज्यांच्या अंड्यांतून पिल्ले काढायची असतात अशा कोंबड्या. काही महिन्यांनी तिथल्या एका कामगाराला ताप आला म्हणून मी फार्मवर गेलो. खाद्याच्या खोलीत जीवनसत्त्वांच्या भुकटीची पाकिटे रचून ठेवली होती. सहज वाचले तर त्यावर बी-१२ लिहिलेले.

मी विचारले, “हे सगळ्याच कोंबड्यांना घालता?”

“घालतो की. पण खायच्या अंड्याच्या कोंबडीचं प्रमाण येगळं, ब्रीडरचं येगळं. ब्रीडरला जास्त लागतंय.”

“का?”

“डॉक्टरसाहेब, कमी पडलं तर कोंबडीला बघून कळत न्हाई. ती अंडी घालत राहती. अंडी मशिनीला लावली की मग कळतंय. पिल्लं आतच मरत्यात.”

पुस्तकात हेच लिहिले आहे. बी-१२ कमी पडलेली कोंबडी अंडी घालत राहते, पण एकवीस दिवसांच्या उबवणीत सतराव्या दिवसाच्या आसपास गर्भ मरू लागतात. कोंबडी स्वतःपुरते भागवते. अंड्यात ठेवायला तिच्याकडे काही उरत नाही. मामा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आमच्या अक्काचं असंच झालं म्हणायचं.” मला त्यावर बोलता आले नाही.

आपल्या देशात हा आजार नवा नाही. १९५७ साली दीक्षित यांनी थरथर, पंडुरोग आणि त्वचेचा काळपटपणा असलेल्या अशा मुलांचे वर्णन भारतीय वैद्यकीय नियतकालिकात केले. १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या इंग्रजी नियतकालिकात दाखवून दिले, की अशा बाळांच्या आयांच्या दुधातच बी-१२ कमी असते. थरथरीमागे आणखी काही पोषक द्रव्यांची कमतरताही असू शकते. पण बहुसंख्य मुलांत मुख्य दुवा बी-१२ चाच असतो.

मोठ्या माणसाच्या यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. म्हणून आईला त्रास उशिरा जाणवतो. कधी थकवा, कधी तोंड येणे, कधी पायाला मुंग्या. घरातले म्हणतात, “बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, जाईल.” अशा आईकडून पोटातल्या बाळाला मिळणारी शिदोरीच तुटपुंजी असते. ती चार-सहा महिन्यांत संपते, दुधातून नवी येत नाही, आणि नेमका तोच काळ मेंदूच्या वेगाने वाढण्याचा असतो.

मेंदूत काय होते?

विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे आवरण असते तसे मज्जातंतूंवर एक स्निग्ध आवरण असते. ते असेल तरच संदेश वेगाने आणि नेमका पोहोचतो. जन्मानंतर पहिल्या दोन वर्षांत हे आवरण भराभर चढत असते. ते चढण्यासाठी आणि टिकण्यासाठी बी-१२ लागते. ते नसेल तर काम अर्धवट राहते. बसणारे मूल कोलमडते, हसणारे मूल हसेनासे होते, हात थरथरतात. रक्तपेशी बनवायलाही बी-१२ लागते, म्हणून सोबत पंडुरोग असतो.

फॉलिक ॲसिडचा फसवा दिलासा

माझ्या थेंबांनी बाळाच्या चेहऱ्यावर लाली आली आणि थरथर मात्र सुरू झाली, असे का? हाही धडा जुनाच आहे. फॉलिक ॲसिडच्या शोधातही कोंबडीचे पिल्लू आहेच. १९४० च्या सुमारास पिल्लांच्या पंडुरोगावर चालणारा एक घटक सापडला, त्याला इंग्रजीत पिल्लाच्याच आद्याक्षरावरून ‘बी-सी’ म्हणत. पुढे तो म्हणजे फॉलिक ॲसिडच ठरले. त्याआधी लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली होती. गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो हे तिने दाखवले, त्यामागेही हाच घटक होता.

१९४५ नंतर कृत्रिम फॉलिक ॲसिड हाती आल्यावर डॉक्टरांनी ते प्राणघातक पंडुरोगाच्या रुग्णांना दिले. रक्त सुधारले. पण काही रुग्णांच्या नसा त्याच वेळी बिघडत गेल्या. बी-१२ च्या कमतरतेत नुसते फॉलिक ॲसिड दिले तर रक्ताचा अहवाल चांगला दिसतो आणि नसांचे नुकसान आत चालूच राहते. मी १९९७ साली नेमके हेच केले होते. कॉलेजात हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते; समोर आले तेव्हा आठवले नाही.

यावरून गरोदरपणातल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या वाईट, असा अर्थ कोणीही काढू नये. फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या पाठीच्या कण्याची आणि मेंदूची जन्मजात व्यंगे मोठ्या प्रमाणात टळतात. ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांमध्ये हा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. ती गोळी घ्यायचीच. फक्त सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या त्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते, एवढे शाकाहारी घरांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या जिल्ह्यापासून लांब नाही

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. फॉलिक ॲसिडची कमतरता मात्र क्वचितच होती, कारण पालेभाज्या आणि डाळी आपल्याकडे खाल्ल्या जातात. ही मुले नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या. ज्यांच्या आयांचे बी-१२ गरोदरपणी फार कमी होते, ती मुले लक्ष एकाग्र करणे आणि थोड्या वेळापुरते लक्षात ठेवणे या चाचण्यांत मागे पडली. २००८ साली हे प्रसिद्ध झाले.

थरथरणारे मूल डॉक्टरकडे येते. ज्या मुलाची कमतरता तेवढी तीव्र नाही ते थरथरत नाही. त्याला पुढे शाळेत ‘लक्ष नसते’ म्हणून बोलणी बसण्याची शक्यता राहते. म्हणून हा प्रश्न दवाखान्यात येणाऱ्या थोड्या बाळांपुरता नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. ज्या घरात मांसाहार चालतो तिथेही पुष्कळदा रस्सा बाईच्या वाट्याला येतो आणि फोडी पुरुषांच्या व मुलांच्या ताटात जातात. घरात दूध असेल तर ते आधी डेअरीला, मग म्हाताऱ्यांना, मग पोरांना. सुनेपर्यंत येईतो पातेले रिकामे. हे कोणी मुद्दाम करत नाही. तसा कोणी हिशोबच ठेवत नाही, एवढेच.

बाळाची कोणती लक्षणे ओळखावीत?

साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलात पुढील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये :

१. आधी हसणारे, बसणारे, वस्तू पकडणारे मूल ते करेनासे होणे. आलेले कसब जाणे ही कोणत्याही वयात धोक्याची सूचना आहे.

२. मूल सुस्त, उदास दिसणे. आईच्या आवाजालाही प्रतिसाद न देणे.

३. चेहरा फिकट, केस विरळ व तांबूस. बोटांची पेरे, तळहात-तळपाय यांवर काळपटपणा.

४. हात, डोके, जीभ यांची थरथर, जी झोपेत थांबते. रडण्याचा आवाज कापरा होणे.

५. सहा महिन्यांनंतरही मूल केवळ अंगावरच्या दुधावर असणे आणि वरचे काही न खाणे.

मूल गुबगुबीत आहे म्हणून निश्चिंत राहू नये. थरथरीची दुसरीही कारणे असतात : कॅल्शियम किंवा साखर कमी होणे, फेफरे, मेंदूचा ज्वर. म्हणून निदान घरी करू नये आणि अंगारे-धुपारे, दृष्ट काढणे यांत दिवस घालवू नयेत.

उपचार सोपा आणि स्वस्त आहे. बी-१२ ची इंजेक्शने दिली की बहुतेक मुले काही दिवसांतच टवटवीत होतात. थरथर जायला काही आठवडे लागतात. कधी कधी उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत थरथर उलट वाढलेली दिसते. हे माहीत नसल्याने मंडळी घाबरून उपचार सोडतात, तसे करू नये. मात्र उशीर झाला असेल तर रक्त भरून आले तरी बुद्धीची गेलेली वाढ पूर्ण भरून येईलच असे सांगता येत नाही.

घरात काय करावे?

शाकाहार सोडा, माळ काढा असे मी कोणालाही सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. अंगावर पाजणाऱ्या आईला त्याहून जास्त. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, म्हणजे किती थोडे! शंभर मिलिलिटर दुधात सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम असते. दोन मोठे कप दूध किंवा तेवढ्याचे दही रोज बाईच्या पोटात गेले तर बराच भाग भागतो. दूध एकदा उकळावे. दिवसभर पुन्हा पुन्हा आटवत ठेवल्याने बी-१२ काही प्रमाणात नष्ट होते. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असते. मासे, मटण आणि विशेषतः यकृत यांत ते भरपूर असते.

मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, शेंगदाणे, गूळ हे सर्व उत्तम अन्न आहे, पण यांत बी-१२ नाही. इडली-ढोकळ्याच्या आंबवलेल्या पिठावर किंवा शेवाळाच्या गोळ्यांवरही विसंबू नये.

ज्या स्त्रीचे ताट वर्षानुवर्षे दुधाविना गेले आहे तिला आता दोन कप दुधाने तो खड्डा भरता येणार नाही. तिने गरोदर राहण्यापूर्वी, निदान दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना “मी शाकाहारी आहे, दूधही कमी घेते” असे आपणहून सांगावे. डॉक्टर रक्ताची तपासणी करतील किंवा बी-१२ ची गोळी देतील. ही गोळी आपल्या धर्माला चालेल का, असे अनेकजण विचारतात. औषधातले बी-१२ टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून बनवतात, त्यात मांस नसते. मात्र काही कॅप्सूलचे कवच प्राणिज जिलेटिनचे असते, तेव्हा हवे तर गोळी किंवा पातळ औषध मागून घ्यावे.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न, हा नियम कायम आहे. हा लेख वाचून कोणी बाळाचे अंगावरचे दूध तोडले तर मला वाईट वाटेल. आईचे दूध सुधारायचे असते, बंद करायचे नसते. आणि बाळाला बी-१२ दिले तर आईलाही द्यायचे.

त्या बाळाचे पुढे काय झाले?

इंजेक्शने सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ते हसले. आजी मुद्दाम दवाखान्यात सांगायला आल्या. थरथर महिन्याभरात गेली. दीड वर्षाचा झाल्यावर तो चालू लागला. आई औषधाने सुधारली, पायाच्या मुंग्या गेल्या. पुढच्या बाळंतपणात तिने पहिल्या महिन्यापासून गोळ्या घेतल्या, आणि आजींनी संध्याकाळच्या धारेतले तांब्याभर दूध डेअरीला न घालता सुनेसाठी बाजूला काढायला सुरुवात केली. धाकटी मुलगी हुशार निघाली.

तो मुलगा आता तिशीच्या जवळ आला आहे. स्वभावाने गोड आहे, मेहनती आहे. शाळेत मात्र त्याला फार जड गेले. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. मामाच्या ओळखीने तो त्याच फार्मवर कामाला लागला. खाद्य मोजून घालतो, पण वहीत आकडे दुसऱ्याकडून लिहून घेतो. त्यातले किती नशिबाचे आणि किती माझ्या त्या सहा आठवड्यांचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हापासून माझ्या टेबलासमोर कोणतेही तान्हे मूल आले की मी आधी आईला जवळच्या स्टुलावर बसवतो आणि काय जेवता, दूध किती घेता, हे विचारतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गरोदर किंवा पाजणारी लेकीसून आहे, त्यांनी आज संध्याकाळी जेवताना तिच्या ताटाकडे एकदा नीट पाहावे. दुधाची वाटी नसेल तर ती उद्यापासून ठेवावी, आणि पुढच्या तपासणीला जाताना बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारावे.